मांजर माणसाजवळच का झोपतं? 'ऊब पाहिजे म्हणून' एवढं उत्तर मला पुरत नाही

मलप्रभाकाठ:

मांजर अंथरुणात का शिरतं असं कुणालाही विचारा, खानापुरात काय नि बेळगावात काय, उत्तर ठरलेलं: "ऊब पाहिजे असते त्याला." चुकीचं नाही ते. मांजराच्या अंगाचं तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअस असतं, आपल्यापेक्षा जास्तच. आणि अंगातली ताकद खर्च न करता ते टिकवायला त्याला भोवती 30 अंशांच्या वर ऊब लागते. आपल्याला 24-25 अंशांत छान वाटतं तेव्हा मांजर गरम कोपरा हुडकत असतं. त्यात आपला पावसाळा. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात एकदा पाऊस लागला की भिंतींना ओल, वाकळी दमट, कोरडी जागा म्हणजे काय ती चुलीजवळची. रात्री चूल विझली की मांजर माणसाच्या पोटाशी येणारच.

पण मग एप्रिल-मे चं काय?

आमची मनी उन्हाळ्यात अंगाला चिकटत नाही. चटईपासून हातभर अंतरावर, गार फरशीवर चारी पाय ताणून आडवी होते. तिला हवी तर न्हाणीघराची ओली फरशी आहे, पडवीत वारा आहे, माळ्यावर एकांत आहे. ती सगळीकडे फिरून येते, थोडा वेळ बसतेही. निजायला मात्र आम्ही असू त्याच खोलीत. मी चटई दुसऱ्या खोलीत टाकली तर तीही त्या खोलीत, पुन्हा तेवढंच अंतर राखून. उकाड्यात कोण कुणाची ऊब शोधायला जातं?

दुसरी गोष्ट झोपेची. मांजर दिवसाचे 12 ते 16 तास झोपतं, पण त्यातली बरीच नुसती डुलकी असते. पंजे पोटाखाली दुमडलेले, मान वर, डोळे मिटलेले, कान मात्र आवाजाच्या दिशेने फिरतायत. ताटली पडली की हे पलीकडच्या खोलीत. गाढ झोप वेगळी असते. फ्रान्समधल्या ल्यों शहरात मिशेल जूवे यांनी 1959 च्या सुमारास मांजरांवरच अभ्यास करून दाखवलं की एका प्रकारच्या झोपेत मेंदू जागेपणीसारखा चालू असतो आणि मानेसकट अंगाचे स्नायू मात्र साफ ढिले पडतात. मनीला त्या झोपेत बघत बसायला मला फार आवडतं. डोकं एका बाजूला कलंडतं, मिशा थरथरतात, मागच्या पंजाची बोटं एकेक करून आखडतात आणि सुटतात, मिटलेल्या पापणीखाली बुबुळ हलताना दिसतं. त्या वेळी तिच्या अंगात पळायची काहीच तयारी नसते. ही झोप मी तिला पडवीत कधी घेताना बघितलेली नाही. पडवीत डुलकी, आत आमच्याजवळ ही झोप.

म्हणून मला वाटतं, मांजराचं माणसाजवळ झोपणं हा त्याने आपल्याबद्दल केलेला विचार असतो. चार पायांचं, कुत्र्यापुढे टिकणार नाही एवढं छोटं जनावर, दिवसभर सावध राहून शेवटी अंग टाकायची जागा निवडतं, आणि ती जागा आपल्या हातापाशी असते. याला नुसती ऊब म्हणणं मला त्या जिवावर अन्याय वाटतो.

तुमच्याकडचं सांगा. कुठे झोपतं, उशाशी की पायथ्याशी? घरात चार माणसं असताना एकालाच का धरतं? आणि उन्हाळ्यात काय करतं?

निपाणीकर:

ताई, चांगला विषय काढलात. एकालाच का धरतं याचं माझ्याकडे उत्तर आहे.

आमच्या घरी माणसांचा राबता मोठा. बोक्याला खायला वहिनी घालायची, दूध बाबा ओतायचे, लाड पोरं करायची. बोका झोपायचा आईपाशी. आई त्याच्याशी फार बोलायचीही नाही. ती दिवसभर विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि जर्दा, बोटं भराभर चालतायत आणि बाकीचं अंग जागच्या जागी. बोका तिच्या मांडीला पाठ टेकवून पडलेला असायचा. रात्री तिच्या पायथ्याशी. पोरं त्याला उचलून पांघरुणात कोंबायची, तो पकड ढिली होईपर्यंत थांबायचा आणि सरळ आईकडे.

मला कळलं ते असं: ज्याच्या हालचालीचा मांजराला अंदाज येतो, जो अचानक ओढत नाही, कवटाळत नाही, तो माणूस त्याला निजायला बरा वाटतो. खायला कोण घालतं हा हिशोब वेगळा. आईने त्याला कधी बोलावलं नाही आणि कधी हाकललं नाही. एवढं त्याला पुरलं.

कडोलीचा_शेतकरी:

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका.

आमच्यात मांजर ठेवतात ते पोत्यांसाठी. भात घरात येतंय, रताळी येतात, त्याच्या मागं उंदीर येतंय. आज्जी म्हणायची, कुत्रं माणसाला धरून असतंय, मांजर घराला. आमची भाटी पोत्यांच्या थप्पीवर झोपतीय. अंथरुणाकडं फिरकत नाही. हाक मारली की येतीय, खातीय, परत थप्पीवर. मग तिचा आमच्यावर विश्वास नाही म्हणायचं काय? तिची आई पण तशीच होती.

मला तर वाटालंय, शहरातल्या बंद घरात मांजराला दुसरी जागाच नसतीय, म्हणून ते पलंगावर येतंय आणि आपण त्याला माया म्हणतोय.

जनावरांचा_डॉक्टर:

चिक्कोडी भागात बरीच वर्षं गुरांची, कुत्र्या-मांजरांची डॉक्टरकी केली, म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

कडोलीकर, तुमची भाटी पोत्यावर झोपते यात तिचा दोष नाही आणि तुमचाही नाही. मांजराचं पिल्लू साधारण दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत ज्याच्या अंगाखांद्यावर वाढतं, त्याला ते जन्मभर आपलं मानतं. या दिवसांत माणसांचे हात रोज लागले तर ते मांजर पुढे माणसाजवळ निर्धास्त झोपतं. भाटी पिल्लं घालते माळ्यावर किंवा गवताच्या गंजीत, आणि पिल्लं खाली उतरतात ती दीड-दोन महिन्यांनी. तोवर हा काळ निघून गेलेला असतो. ते मांजर तुम्हाला ओळखतं, तुमच्या हाकेला येतं, पण झोपेत तुम्ही जवळ असणं त्याच्या अंगवळणी पडलेलं नसतं. तिची आईही तशीच होती म्हणालात, तिचंही लहानपण माळ्यावरच गेलं असणार.

आणि पोत्यांसाठी मांजर ठेवायची तुमची रीत फार जुनी आहे. आजची सगळी घरगुती मांजरं पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आली, हे 2007 साली त्यांच्या जनुकांच्या अभ्यासातून दाखवलं गेलं. तिकडे शेती सुरू झाली, धान्य साठायला लागलं, उंदीर झाले, उंदरांमागे रानमांजरं गावात आली. कुणी त्यांना दावं लावून आणलं नाही. सायप्रस बेटावर सुमारे 9500 वर्षांपूर्वीची एक कबर सापडली, 2004 मध्ये तिची माहिती प्रसिद्ध झाली. त्यात एक माणूस आणि त्याच्यापासून साधारण 40 सेंटिमीटरवर एक तरुण मांजर पुरलेलं होतं. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती, म्हणजे माणसांनीच नावेतून नेलेली. त्या काळात सुद्धा कुणाला तरी आपलं मांजर आपल्याजवळ असावं असं वाटलं होतं.

आता मूळ प्रश्न. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब धरता येत नाही. डोळे उघडायला सात ते दहा दिवस लागतात. तोवर त्याला जग कळतं ते आईच्या अंगाची ऊब, तिचा वास आणि तिच्या घुरघुरीची थरथर यांतून. तिन्ही गोष्टी एकत्र असल्या की सगळं ठीक आहे. मोठेपणी मांजर तुमच्या पोटावर चढून पंजांनी कणीक मळल्यासारखं करतं, ती आईचं दूध ओढतानाची सवय. म्हणून ऊब आणि विश्वास असे दोन वेगळे कप्पे करायला मी तयार नाही, ताई. मांजराला विश्वासाची पहिली ओळखच उबेतून झालेली असते.

वासाचंही सांगतो. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, कपाळावर, शेपटीच्या मुळाशी आणि पंजांच्या गाद्यांमध्ये वासाच्या ग्रंथी असतात. ते तुमच्या पायाला गाल घासतं, उशीवर डोकं रगडतं, तेव्हा आपला वास तुमच्या वासात मिसळत असतं. अंथरूण हे घरातलं तुमच्या वासाने सगळ्यात जास्त भरलेलं ठिकाण. तुम्ही घरी नसतानाही ते तिथेच जाऊन पडतं, कारण अंथरुणाला तुमचा वास असतो.

मलप्रभाकाठ:

डॉक्टर, कप्प्यांबद्दलचं पटलं. उबेतूनच विश्वास शिकला जातो हा धागा माझ्या हाती आला नव्हता.

पण परदेशात यावर प्रयोग झालेत ना? मांजराला माणसाची ओढ असते की नाही यावर उलटसुलट वाचनात येतं.

जनावरांचा_डॉक्टर:

दोन प्रयोग माहीत असायला हवेत. 2015 साली इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात 20 मांजरांवर एक अभ्यास झाला. मांजराला अनोळखी खोलीत नेऊन मालक आणि परका माणूस यांच्याशी ते कसं वागतं ते बघितलं. निष्कर्ष असा की लहान मूल जसं सुरक्षिततेसाठी आईवर विसंबतं, तसं मोठं मांजर मालकावर विसंबत असल्याचा पुरावा दिसत नाही. मग 2019 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाले आणि सहकाऱ्यांनी पिल्लांवर अभ्यास केला. दोन मिनिटं मालक सोबत, दोन मिनिटं एकटं, मग मालक परत. सुमारे 64 टक्के पिल्लं मालक आल्यावर शांत झाली, त्याला भेटून पुन्हा आपलं आपलं खेळायला, हुंगायला लागली. मोठ्या मांजरांतही प्रमाण तसंच निघालं. म्हणजे एका अभ्यासाने नाही म्हटलं, दुसऱ्याने बहुतेकांच्या बाबतीत हो म्हटलं. मोजायची रीत दोघांची वेगळी होती.

मलप्रभाकाठ:

दोन्हीकडे मांजराला परक्या खोलीत नेलं होतं, हे मला खटकतं. जागा बदलली की मांजर अर्धं बावरलेलं असतं. त्याचं खरं वागणं त्याच्या स्वतःच्या घरात, दिवे मालवल्यावर, कुणी काही मागत नसताना दिसतं. रात्री त्याला कुणी खाऊ देत नाही, खेळवत नाही, तरी ते येतं. माझ्या मते निजायची जागा हाच त्याचा जबाब.

हल्याळकर:

आमचं घर गावाच्या कडेला, परसापलीकडे रान. दिवेलागणीला कोल्हे ओरडतात, बिबट्या कधी वाड्यांपर्यंत येऊन कुत्री उचलतो. आमची दोन्ही मांजरं दिवसभर परसात, भाताच्या खाचरात कुठेही भटकतात. अंधार पडायच्या सुमाराला आपणहून आत. मग दार लावलं तरी तक्रार नाही.

त्यातलं एक जाजमावर माझ्या गुडघ्यांच्या मागच्या खोलगट जागेत झोपतं. मी कुशीवर वळलो की तेही उठून पुन्हा त्याच जागेत. दुसरं उशाच्या वर, भिंतीला पाठ लावून, तोंड दाराकडे. रात्री कौलावर काही सरकलं की आधी त्याचे कान उभे राहतात, मग मला जाग येते. ज्या रात्री बाहेर काही वावरत असतं त्या रात्री दोघंही जास्त चिकटून असतात, हे मी नेहमी बघतो. रानाजवळ राहणाऱ्याला ताईंचा मुद्दा वेगळा पटवून द्यायला नको. इथे एकट्याने गाढ झोपलेलं मांजर सकाळी दिसेलच असं नसतं. म्हणून सगळ्यांना सांगणं आहे, रानाकडेला राहत असाल तर मांजर रात्री आत घ्या.

भालकीकर:

बिदरकडचा अनुभव लिहितो, उन्हाळ्याबद्दल विचारलंय म्हणून. आमच्याकडे मे महिन्यात पारा 40 च्या पुढे जातो. सगळं घर माळवदावर झोपायला जातं. आमचं मांजर जिना चढून वर येतं आणि आज्जीच्या बाजेखाली झोपतं. खाली घरात चिटपाखरू नाही, रांजणापाशी गारवा आहे, उंदीर पण खालीच. तरी ते वर येतं. घराला धरून असतं म्हणावं तर रिकामं घर सोडून ते माणसांमागे कशाला आलं असतं?

कडोलीचा_शेतकरी:

भालकीकर, हे मात्र विचार करण्यासारखं आहे. आमची सुगीत सगळी माणसं मळ्यावरल्या खोपीत राहतात, तेव्हा भाटी घरातच राहतीय. पण डॉक्टर म्हणतात ते बरोबर असंल, तिला लहानपणी कुणी हातात घेतलेलंच नाही.

परवा तिनं गोठ्याच्या माळ्यावर पिल्लं घातल्यात. डोळं अजून उघडायचेत. आता काय करू? खाली आणू काय?

जनावरांचा_डॉक्टर:

लगेच हलवू नका. फार हाताळलं तर भाटी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे नेते, आणि तुम्हाला जागा सापडणार नाही. दोन आठवडे होऊ देत. मग भाटी खायला खाली आली की घरातल्या एका-दोघांनी वर जायचं, पिल्लू तळहातावर घ्यायचं, दोन-तीन मिनिटं अंगाशी धरून परत ठेवायचं. हात स्वच्छ धुतलेले हवेत, त्यांना साबणाचा उग्र वास नको. रोज हे करा, हळूहळू वेळ वाढवा. लहान मुलांना शेजारी बसवून शिकवा, पिल्लू मुठीत आवळायचं नाही. चौथ्या आठवड्यापासून पिल्लं आईच्या मागे फिरायला लागतील, तेव्हा कोपऱ्यात घरातली जुनी वाकळ टाकून त्यांना खाली आणता येईल.

आणि कुणी मागितलं तरी आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडून देऊ नका. महिन्याभराचं पिल्लू पिशवीत घालून पाहुण्यांना द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. ते जगतं, पण चावकं, घाबरट होतं, आणि झोपेत कापडं चोखत बसतं.

भाटीच्या नसबंदीच्या ऑपरेशनचं बघा. पिल्लांनी दूध सोडलं की करता येतं.

वडगावची_सूनबाई:

इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. मला तिसरा महिना चालू आहे. आमची चिंगी रात्री माझ्या पोटाला टेकूनच झोपते, अलीकडे तर जास्तच. सासूबाई म्हणतात तिला घराबाहेर काढा, पोटातल्या बाळाला मांजराचा आजार होतो. शेजारच्या कन्नड आज्जीही तेच म्हणाल्या. मला चिंगीला सोडवत नाही आणि बाळाची काळजीही वाटते. रात्री तिला ढकलते, ती परत येते, मला रडू येतं.

जनावरांचा_डॉक्टर:

सूनबाई, आधी शांत व्हा. चिंगीला बाहेर काढायची गरज नाही. सासूबाईंची भीती निराधारही नाही, म्हणून नीट समजून घ्या.

त्या आजाराचं नाव टॉक्सोप्लाझ्मोसिस. त्याचे जंतू मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात, तेही मांजराला पहिल्यांदा लागण झाल्यावर साधारण एक ते तीन आठवडेच. मांजराला तो होतो उंदीर किंवा कच्चं मांस खाऊन. विष्ठेतले जंतू बाहेर पडल्या पडल्या लागत नाहीत, त्यांना एक ते पाच दिवस जावे लागतात. म्हणून चिंगीची शी-शूची मातीची पेटी रोजच्या रोज साफ झाली पाहिजे आणि ते काम तुम्ही करायचं नाही. घरात दुसऱ्या कुणीतरी करावं. परसात मातीत हात घालताना हातमोजे घाला, भाज्या नीट धुवा, मटण अर्धकच्चं खाऊ नका. खरं तर अर्धकच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतून हा आजार माणसाला जास्त होतो. चिंगीला कच्चं मांस देऊ नका. ती अंगाला टेकून झोपली म्हणून तो होत नाही. तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचारून रक्ताची तपासणी करून घ्या, म्हणजे सासूबाईंनाही धीर येईल.

पण बाळ झाल्यावर एक नियम पक्का ठेवा. चिंगीला पाळण्यात आणि बाळाच्या अंथरुणात जाऊ द्यायचं नाही, एकटीला बाळासोबत खोलीत ठेवायचं नाही. तिच्या मनात वाईट काही नसतं, पण तान्हं बाळ गरम असतं, आणि मांजर उबेकडे जाणारच. बाळाला मान सावरता येत नाही, हातानं दूर लोटता येत नाही. ही सवय आत्तापासून लावा. पाळणा आणून ठेवला की तिला त्यात बसू देऊ नका आणि त्याच खोलीबाहेर तिला तुमच्या वापरातल्या साडीची घडी घालून दुसरी जागा करून द्या.

अजून सगळ्यांसाठीच. मांजर अंथरुणात घेता तर रेबीजची लस चुकवू नका, पहिली मांजर तीन महिन्यांचं झाल्यावर, मग डॉक्टर सांगतील तशी. जंताचं औषध वेळेवर. कुणालाही मांजराने चावलं किंवा ओरबाडून रक्त काढलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. पिसवा झाल्या तर कुत्र्यासाठीचं औषध मांजराला लावू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर उठतं. शेतातली पावडर तर नाहीच नाही.

वडगावची_सूनबाई:

डॉक्टरकाका, खूप आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. पेटी साफ करायचं मामंजींनी स्वतः कबूल केलंय. सासूबाई म्हणाल्या, साडीची घडी माझी घाल, म्हणजे ती माझ्याकडे झोपेल.

टिळकवाडीत_भाड्याने:

मी येळ्ळूरहून शहरात आलो, मांजर सोबत आणलं. गावाकडे उशाशी झोपायचं. इथे आल्यापासून कपाटाखाली. जवळ येईना. आणि पहाटे चारला उठून म्याँव म्याँव सुरू. शेजारी वैतागलेत.

निपाणीकर:

आम्ही घर बदललं तेव्हा हेच झालं होतं. दोन गोष्टी करा. गावाकडचं पांघरूण धुऊ नका, तसंच त्याच्या कोपऱ्यात टाका. जुना वास असला की मांजर लवकर सावरतं. आणि सुरुवातीला सगळं घर मोकळं देऊ नका, एकच खोली द्या, तुम्हीही तिथेच झोपा. कपाटाखालून ओढून काढू नका.

मलप्रभाकाठ:

आणि त्याच्याकडे टक लावून बघू नका. जमिनीवर बसून त्याच्याकडे बघत डोळे हळूहळू अर्धे मिटायचे, उघडायचे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात 2020 साली यावर अभ्यास झाला. माणसाने असे डोळे मिचकावले की मांजरंही परत तसेच डोळे मिटतात आणि अनोळखी माणसाच्या जवळ यायलाही जास्त तयार होतात असं दिसलं. आमच्या मनीशी माझं रोजचं बोलणं असंच चालतं.

पहाटेचं सांगायचं तर मांजराची शिकारीची वेळ पहाट आणि संध्याकाळ. ते रात्रभर झोपायला बनलेलंच नाही. निजायच्या आधी दोरीला चिंधी बांधून त्याला दमेपर्यंत पळवा, मग खायला घाला. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप, हा त्याचा क्रम. पहाटे ओरडल्याबरोबर उठून खायला घातलंत तर ते रोज त्याच वेळी उठवेल.

टिळकवाडीत_भाड्याने:

काल रात्री पायथ्याशी येऊन बसलं! झोपलं नाही, बसलं. जुनं घोंगडं तिथेच ठेवलंय.

उचगावकर_आज्जी:

माझी हरणी म्हातारी झाली आहे. पिल्लू होती तेव्हापासून माझ्या पलंगावर, उशीच्या डाव्या बाजूला. महिना झाला असेल, ती खाली चटईवरच झोपते. हाक मारली की वर बघते, येत नाही. खाते बऱ्यापैकी. पूर्वी खिडकीत उडी मारायची तेही बंद. मुलं म्हणतात वय झालं. मला वाटतं माझ्यावर रुसली की काय. तुम्ही सगळे विश्वासाबद्दल लिहिताय म्हणून मन लागेना.

जनावरांचा_डॉक्टर:

आज्जी, हरणी रुसलेली नाही. खिडकीत उडी मारणं बंद झालं म्हणालात, तिथेच कळतं. म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखतात, आणि मांजर दुखणं दाखवत नाही. ओरडत नाही, लंगडतही नाही. उंच जागा सोडून देते, उडी मारायच्या आधी घुटमळते, पाठीवरचे केस चाटायचे सोडते, मातीच्या पेटीच्या बाहेर घाण करते. या खुणांवर लक्ष ठेवा. तिला पलंगावर यायचं असणार, चढवत नाही.

पलंगाला लागून एक बुटकी पेटी आणि तिच्यापुढे पाट असं ठेवा, वर पोतं अंथरा म्हणजे पाय घसरणार नाही. तिला उचलून वर ठेवायचं तर एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. चटईखाली जाड घोंगडं घाला, थंडीत फरशी बाधते. आणि या आठवड्यात तिला दवाखान्यात दाखवा. सांध्यांवर मांजरासाठी औषधं आहेत, शिवाय म्हातारपणी मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी करून घेतलेली बरी. एक लक्षात ठेवा, घरात आहे म्हणून माणसाची दुखण्याची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी सुद्धा मांजराचा जीव घेते.

उचगावकर_आज्जी:

नातू उद्या सुट्टीवर आहे, त्याच्याबरोबर टोपलीत घालून नेते. पेटी आणि पाट आत्ताच लावून ठेवलाय. हरणी येऊन हुंगून गेली. डॉक्टर काय म्हणतात ते इथे लिहीन.